वाचकांचे प्रश्न : त्रेचाळीस खुर्च्यांचा हिशेब

मागच्या अंकात राज्यपालांच्या अधिकारांविषयीची प्रश्नोत्तरे प्रसिद्ध झाल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी राज्य मंत्रिमंडळाविषयी आहेत. काही प्रश्न एकमेकांत मिसळत असल्याने ते एकत्र घेतले आहेत. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातली आहेत, कारण २०१९ ते २०२४ या अवघ्या पाच वर्षांत आपल्या राज्याने सरकार बनवण्याच्या आणि मोडण्याच्या इतक्या तऱ्हा पाहिल्या की अभ्यासकाला उदाहरणांसाठी फारसे दूर जावे लागत नाही.

प्रश्न : २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला, आधीच्या विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपली आणि नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी ५ डिसेंबरला झाला. मधल्या दिवसांत राज्य कोणाच्या हाती होते? २६ तारखेपर्यंत सरकार आले नाही तर राष्ट्रपती राजवट लागते, असे तेव्हा सगळीकडे सांगितले जात होते, ते खरे होते का? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : ते खरे नव्हते. विधानसभेची मुदत आणि मंत्रिमंडळाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विधानसभेला अनुच्छेद १७२ ने पाच वर्षांचे आयुष्य दिले आहे. मंत्रिमंडळाला मात्र संविधानाने वर्षांची मुदत दिलेलीच नाही. अनुच्छेद १६४ नुसार मंत्री राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात, आणि ही मर्जी व्यवहारात विधानसभेतील बहुमताला बांधलेली असते. शिवाय लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७३ प्रमाणे निवडणूक आयोगाने निवडून आलेल्या सदस्यांच्या नावांची अधिसूचना काढली की नवी विधानसभा गठित झाली असे मानले जाते. त्यासाठी आमदारांचा शपथविधी किंवा मुख्यमंत्र्यांची निवड यांची वाट पाहावी लागत नाही. म्हणजे २६ नोव्हेंबरला राज्यात विधानसभाच उरली नाही, अशी स्थिती नव्हतीच.

राहिला प्रश्न कारभाराचा. एकनाथ शिंदे यांनी २६ नोव्हेंबरला राजीनामा दिला आणि राज्यपालांनी तो स्वीकारून पर्यायी व्यवस्था होईपर्यंत काम पाहण्यास सांगितले. आपण यालाच ‘काळजीवाहू सरकार’ म्हणतो, पण हा शब्द संविधानात कोठेही नाही. अनुच्छेद १६३ इतकेच सांगतो की राज्यपालांना साहाय्य करण्यासाठी आणि सल्ला देण्यासाठी मंत्रिपरिषद असेल, आणि ती सदैव असली पाहिजे म्हणूनच जाणाऱ्यांना थांबवून घेतले जाते. अशा सरकारने मोठे धोरणात्मक निर्णय घेऊ नयेत, हा संकेत आहे, लेखी नियम नव्हे.

राष्ट्रपती राजवटीसाठी अनुच्छेद ३५६ लागतो, आणि तो दिनदर्शिकेतील तारीख उलटली म्हणून लागू होत नाही. राज्याचा कारभार संविधानानुसार चालवणे शक्य नाही असे राष्ट्रपतींचे समाधान व्हावे लागते. लोकांच्या मनात २०१९ ची आठवण होती, त्यामुळे हा गैरसमज पसरला असावा. त्या वर्षी २४ ऑक्टोबरला निकाल लागूनही बहुमताचा दावा कोणालाच सिद्ध करता आला नाही, ९ नोव्हेंबरला जुन्या विधानसभेची मुदत संपली आणि १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. ती २३ नोव्हेंबरच्या पहाटे, केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक न घेता, पंतप्रधानांना असलेल्या विशेष अधिकारात उठवण्यात आली आणि त्याच सकाळी देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांनी शपथ घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबरला, दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत बहुमत चाचणी घेण्याचा आदेश दिला आणि चाचणीपूर्वीच ते सरकार पायउतार झाले. २०२४ मध्ये बहुमत कोणाकडे आहे याबद्दल शंका नव्हती. खल चालला होता तो पद कोणाला मिळणार यावर. त्यासाठी ३५६ लावता येत नाही.

प्रश्न : महाराष्ट्रात मंत्र्यांची संख्या ४३ च्या पुढे का जात नाही? आणि गोव्यासारख्या लहान राज्यात १२ मंत्री कसे चालतात? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : २००३ च्या एक्क्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १६४ मध्ये खंड (१क) आला. मुख्यमंत्र्यासह एकूण मंत्री विधानसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून अधिक असू नयेत, मात्र ते १२ पेक्षा कमीही असू नयेत, असे तो सांगतो. आपल्या विधानसभेत २८८ सदस्य. त्यांचे १५ टक्के ४३.२ होतात, आणि पूर्णांकापुढचा दोन दशांश मंत्री नेमता येत नसल्याने मर्यादा ४३ वर थांबते. हरियाणात ९० सदस्यांचे १५ टक्के १३.५ होतात आणि तेथे १४ मंत्री नेमल्यामुळे हा अर्धा मंत्री कोणत्या बाजूला धरायचा हा वाद उच्च न्यायालयात गेला. महाराष्ट्राला निदान ही चिंता नाही.

विधानपरिषदेचे ७८ सदस्य या हिशेबात येत नाहीत. तेथील सदस्य मंत्री होऊ शकतो, पण टक्केवारी फक्त विधानसभेवर काढली जाते. राज्यमंत्री मात्र मोजले जातात. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि विरोधी पक्षनेते हे मंत्री नसल्याने त्यांचा प्रश्नच येत नाही.

गोव्यात सदस्य ४०. त्यांचे १५ टक्के सहाच होतात, पण किमान बाराची तरतूद असल्याने तेथे बारा मंत्री होतात, म्हणजे दर दहा आमदारांमागे तीन. साठ टक्के सभागृह सत्ताधारी असेल, तर सत्ताधारी बाकांवरचा निम्मा माणूस मंत्री असतो. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले आणि तीनच दिवसांत त्यांच्यातील तिघांची मंत्रिमंडळात वर्णी लागली, त्यासाठी जुन्या मित्रपक्षाच्या मंत्र्यांना वगळण्यात आले. त्या घटनेकडे पाहिले की ही तरतूद लहान राज्यांत मोहाला किती जागा ठेवते ते कळते. माझ्या मते किमान मर्यादा ठरवताना घटनादुरुस्ती करणाऱ्यांचे लक्ष कारभाराच्या गरजेकडे होते, पक्षांतराकडे नव्हते. पक्षांतरासाठी त्याच दुरुस्तीत वेगळी तरतूद केली, की दहाव्या अनुसूचीखाली अपात्र ठरलेल्या सदस्याला त्या विधानसभेची मुदत संपेपर्यंत किंवा पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होता येणार नाही.

ही मर्यादा का लागली, हे समजण्यासाठी उत्तर प्रदेशातील १९९७ चे कल्याण सिंह यांचे मंत्रिमंडळ आठवावे. इतर पक्षांतून फुटून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला मंत्रिपद द्यावे लागल्याने ते ९३ जणांचे झाले होते. घटनादुरुस्तीने हा दरवाजा बंद केला, पण खिडक्या उघड्या राहिल्या. अनेक राज्यांनी ‘संसदीय सचिव’ नेमून त्यांना मंत्र्यांसारखा दर्जा, गाडी आणि कार्यालय दिले. गोव्यातील अशा नेमणुका मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये रद्द केल्या आणि आसामचा यासंबंधीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्दबातल ठरवला. आपल्याकडे ही गरज महामंडळांची अध्यक्षपदे भागवतात. ज्यांना मंत्रिमंडळात घेता आले नाही त्यांना महामंडळ, हा आता आघाडीच्या राजकारणातला शिरस्ताच झाला आहे.

आणखी एक बारकावा. ५ डिसेंबर २०२४ रोजी आझाद मैदानावर मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्री, आणि १५ डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात ३३ कॅबिनेट व ६ राज्यमंत्री, अशी मिळून ४२ जणांनी शपथ घेतली. त्या ३९ पैकी भाजपचे १९, शिवसेनेचे ११ आणि राष्ट्रवादीचे ९. एक जागा रिकामी राहिली. अशी एखादी खुर्ची राखून ठेवण्याची रीत जुनी आहे, आणि तिचा उपयोग ती भरण्यापेक्षा रिकामी ठेवण्यातच अधिक असतो, कारण तिच्याकडे पाहत गुडघ्याला बाशिंग बांधलेले दहा जण शांत बसून राहतात.

प्रश्न : किमान १२ मंत्री हवेत असे संविधान सांगत असेल, तर २०२२ मध्ये दोनच मंत्र्यांचे सरकार चालले कसे? त्यांनी घेतलेले निर्णय वैध आहेत का? (एक कायद्याची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपण ज्या शहरातून पत्र पाठवले आहे, त्याच्याच नावाशी या प्रश्नाचा संबंध आहे. ३० जून २०२२ रोजी एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस यांनी शपथ घेतली आणि ९ ऑगस्टला १८ मंत्र्यांचा शपथविधी होईपर्यंत, म्हणजे चाळीस दिवस, राज्याचे मंत्रिमंडळ दोघांचेच होते. औरंगाबादचे आणि उस्मानाबादचे नाव बदलण्याच्या प्रस्तावाला त्या दोघांच्याच बैठकीत १६ जुलैला नव्याने मंजुरी मिळाली. नामांतराचा निर्णय आधीच्या सरकारने आपल्या शेवटच्या बैठकीत घेतलेला होता.

महाराष्ट्र यात एकटा नव्हता. तेलंगणात डिसेंबर २०१८ पासून दोन महिन्यांहून अधिक काळ मुख्यमंत्री आणि एक मंत्री एवढ्यांनीच कारभार पाहिला. कर्नाटकात २०१९ मध्ये बी. एस. येडियुरप्पा आणि मध्य प्रदेशात २०२० मध्ये शिवराजसिंह चौहान हे काही आठवडे एकटेच मंत्रिमंडळ होते. खंड (१क) किमान संख्या सांगतो, ती किती दिवसांत गाठावी हे सांगत नाही, आणि मुख्यमंत्र्याची नेमणूक आधी व त्याच्या सल्ल्याने इतरांची नंतर, असा क्रम अनुच्छेद १६४ मध्येच असल्याने मधे काही काळ जाणे अपरिहार्य आहे. तो काळ आठ दिवसांचा असावा की चाळीस, हा खरा प्रश्न. निर्णय आपोआप अवैध ठरतात असे मला वाटत नाही, पण विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार असणारी परिषद संविधानाला अभिप्रेत आहे, आणि दोन माणसांत ‘सामूहिक’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही, एवढे नक्की म्हणता येईल.

प्रश्न : उपमुख्यमंत्री, कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री यांच्या अधिकारांत घटनेने काय फरक केला आहे? (एक वाचक, अकोला)

उत्तर : घटनेने काहीच केलेला नाही. राज्यांविषयीच्या अनुच्छेदांत ‘मुख्यमंत्री’ आणि ‘इतर मंत्री’ एवढेच दोन शब्द आहेत. उपमुख्यमंत्री शपथ घेतो ती मंत्री म्हणूनच. पदाचा उल्लेख केला तरी अधिकार मंत्र्याचाच राहतो. महाराष्ट्रात हे पद प्रथम १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या आघाडी सरकारात नासिकराव तिरपुडे यांच्यासाठी आले. तेव्हापासून आजवर ते आघाडीतील दुसऱ्या भागीदाराचा मान राखण्याचे साधन म्हणूनच प्रामुख्याने वापरले गेले. या पदाला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळली.

खरा फरक ठरतो तो कार्यनियमावलीने. अनुच्छेद १६६ खाली केलेल्या महाराष्ट्र शासन कार्यनियमावलीत कोणते प्रकरण मंत्र्याच्या पातळीवर संपते, कोणते मुख्यमंत्र्यांकडे जाते आणि कोणते मंत्रिमंडळापुढे आणावे लागते, हे ठरलेले असते. मंत्रिमंडळाच्या बैठकीला कॅबिनेट मंत्री बसतात. राज्यमंत्र्याला विशेष बोलावणे असेल तरच जाता येते. विभाग ‘मंत्रिमंडळ टिप्पणी’ तयार करतो, वित्त आणि विधी विभागांचे अभिप्राय तिला जोडले जातात, मुख्य सचिव बैठकीचे सचिव असतात आणि निर्णयांचे इतिवृत्त पुढच्या बैठकीत कायम होते. घाईच्या प्रकरणात ‘इतिवृत्त कायम होण्याची वाट न पाहता’ अंमलबजावणी करावी, असे वाक्य मंजुरीतच घालून घेतले जाते. मंत्रालयात वावरणाऱ्याला ते वाक्य दिसले की प्रकरण कोणाच्या जिव्हाळ्याचे आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

राज्यमंत्र्याला किती अधिकार द्यायचे हे त्याच्या कॅबिनेट मंत्र्याच्या हाती राहते. त्यामुळे ‘आमच्याकडे फाइलच येत नाही’ ही राज्यमंत्र्यांची तक्रार सरकार कोणत्याही पक्षाचे असो, ऐकू येतेच.

प्रश्न : आमदार नसलेली व्यक्ती मंत्री कशी होते? सहा महिन्यांनी राजीनामा देऊन पुन्हा शपथ घेता येते का? (दोन पत्रे : नाशिक आणि बेळगाव)

उत्तर : अनुच्छेद १६४ च्या खंड (४) नुसार लागोपाठ सहा महिने विधिमंडळाचा सदस्य नसलेला मंत्री ती मुदत संपताच मंत्री राहत नाही. म्हणजे पहिले सहा महिने तो राहू शकतो. १९५२ मध्ये मोरारजी देसाई विधानसभेची निवडणूक हरले होते, तरीही ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि नंतर पोटनिवडणुकीतून सभागृहात आले. २००३ मध्ये सुशीलकुमार शिंदे आणि २०१० मध्ये पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री झाले तेव्हा दोघेही संसदेचे सदस्य होते, राज्य विधिमंडळाचे नव्हते. पहिले सोलापूरहून विधानसभेत गेले, दुसरे विधानपरिषदेत.

सर्वांत अटीतटीचा प्रसंग उद्धव ठाकरे यांच्यावर आला. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी त्यांनी शिवाजी पार्कवर शपथ घेतली, म्हणजे मे २०२० च्या अखेरीस मुदत संपत होती, आणि नेमक्या त्याच वसंतात करोनामुळे निवडणुका थांबल्या. त्यांना राज्यपालनियुक्त सदस्य करावे अशी शिफारस मंत्रिमंडळाने ९ एप्रिलला केली, पण निर्णय होईना. अखेर निवडणूक आयोगाने विधानपरिषदेच्या नऊ जागांची निवडणूक २१ मे रोजी घेण्याचे जाहीर केले आणि उमेदवारही नऊच उरल्याने मतदानाची वेळ न येता सारे १४ मे रोजी बिनविरोध निवडून आले. मुदत संपायला तेव्हा दोन आठवड्यांहून कमी अवधी होता.

दुसऱ्या भागाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. पंजाबात तेज प्रकाश सिंग निवडून न येता सहा महिने मंत्री राहिले आणि त्याच विधानसभेच्या काळात त्यांना पुन्हा मंत्री करण्यात आले. ही सवलत निवडून न येता पुन्हा पुन्हा वापरणे म्हणजे संविधानाची थट्टा आहे, अशा आशयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला.

प्रश्न : शपथ झाली तरी खातेवाटप होईना, असे नेहमी होते. त्या दिवसांत मंत्री काय करतो? आणि पालकमंत्रिपदासाठी एवढी साठमारी का? (एक पत्रकार, अलिबाग)

उत्तर : डिसेंबर २०२४ मध्ये तर याचा कळस झाला. १५ तारखेला शपथविधी, १६ पासून नागपूरचे हिवाळी अधिवेशन, आणि खातेवाटप जाहीर झाले ते अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, २१ तारखेला रात्री. म्हणजे अख्खे अधिवेशन मंत्र्यांनी बिनखात्याचे काढले. या काळात न वाटलेली सर्व खाती मुख्यमंत्र्यांकडेच असतात, त्यामुळे कारभार कायद्याने अडत नाही. मंत्री सभागृहात उत्तर देऊ शकतो, पण फाइलवर सही करण्यासारखे त्याच्याकडे काही नसते. तो त्या दिवसांत दालन आणि बंगला यांची चौकशी करतो, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. मंत्रालयातील सहाव्या मजल्यावरचे ६०२ क्रमांकाचे दालन अपशकुनी मानले जात असल्याने ते टाळण्याची खटपटही याच काळात चालते.

खाती राज्यपाल मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने वाटतात. उशीर होतो तो मूठभर खात्यांसाठी : गृह, वित्त, महसूल, नगरविकास, गृहनिर्माण. त्या वेळी गृह मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडे ठेवले, नगरविकास व गृहनिर्माण एकनाथ शिंदे यांच्याकडे आणि वित्त व नियोजन अजित पवार यांच्याकडे गेले. ही चार-पाच खाती एकदा बसली की उरलेली यादी एका रात्रीत होते.

पालकमंत्री हे पद संविधानात नाही, पण त्याच्या हाती जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद असते, आणि महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखालील ही समिती जिल्ह्याचा वार्षिक आराखडा ठरवते. कोणत्या तालुक्याच्या रस्त्याला, कोणत्या शाळेच्या वर्गखोलीला पैसा मिळणार, हे तेथे ठरते. मुंबईत वजनदार खाते असलेला मंत्रीसुद्धा स्वतःच्या जिल्ह्यात दुसऱ्या पक्षाचा पालकमंत्री आला तर अडचणीत येतो. १८ जानेवारी २०२५ रोजी पालकमंत्र्यांची यादी निघाली आणि दुसऱ्याच दिवशी नाशिक आणि आपल्या रायगडच्या नेमणुकांना स्थगिती द्यावी लागली, ती याचमुळे. त्या यादीत मुख्यमंत्र्यांनी स्वतःसाठी गडचिरोली घेतले होते.

प्रश्न : मंत्रिमंडळात महिलांसाठी काही राखीव जागा आहेत का? (एक वाचिका, लातूर)

उत्तर : नाहीत. अनुच्छेद १६४ मध्ये खास मंत्र्याची सक्ती एकाच बाबतीत आहे : छत्तीसगड, झारखंड, मध्य प्रदेश आणि ओडिशा या राज्यांत आदिवासी कल्याणासाठी मंत्री असलाच पाहिजे. ऑगस्ट २०२२ मध्ये शपथ घेतलेल्या १८ मंत्र्यांत एकही महिला नव्हती, पहिली महिला मंत्री जुलै २०२३ मध्ये आली. डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात चार महिला होत्या : पंकजा मुंडे आणि आदिती तटकरे कॅबिनेटमध्ये, माधुरी मिसाळ आणि मेघना बोर्डीकर राज्यमंत्री. जिल्हे, विभाग आणि जाती यांचा समतोल साधण्याबद्दल यादी ठरवताना रात्र रात्र खल होतो, हा समतोल मात्र सर्वांत शेवटी आठवतो.

प्रश्न : शपथ घेताना आई-वडिलांचे, महापुरुषांचे नाव घेतलेले चालते का? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : शपथेचा मजकूर तिसऱ्या अनुसूचीत दिलेला आहे, पदाची एक आणि गोपनीयतेची एक. राज्यपाल ‘मी’ म्हणतात आणि मंत्री तेथून स्वतःचे नाव घेऊन पुढचे वाचतो. ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ म्हणायचे की ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’, एवढीच निवड त्याच्या हाती असते. आपल्याच जिल्ह्यातील के. सी. पाडवी यांनी ३० डिसेंबर २०१९ रोजी ठरलेल्या मजकुरापलीकडे स्वतःची वाक्ये जोडली, तेव्हा राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्यांना थांबवले आणि सर्वांसमोर पुन्हा, या वेळी कागदावर होते तेवढेच, वाचायला लावले.